सरोगसीची परवानगी काढताना

पहिल्या बाळंतपणात अतिरक्तस्राव झाल्यामुळे माझी गर्भपिशवी काढावी लागली आणि बाळही वाचले नाही. बीजकोश मात्र शाबूत होते, त्यामुळे आम्हां दोघांचे मूल हवे असेल तर सरोगसीखेरीज, म्हणजे आमचा गर्भ दुसऱ्या स्त्रीने (सरोगेटने) आपल्या पोटात वाढवण्याखेरीज, मार्ग नव्हता. सोलापुरात आम्ही ज्या दवाखान्यात आधी चौकशी केली, तिथल्या एका कर्मचाऱ्याने "बाईची सोय आम्ही करतो, पैशांचे नंतर बघू" असे हळूच सांगितले. 25 जानेवारी 2022 पासून लागू असलेल्या सरोगसी (नियमन) कायद्यात पैसे मोजून सरोगसी करू पाहणाऱ्या दाम्पत्यालाही पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाख रुपयांपर्यंत दंड आहे. ती पायरी आम्ही पुन्हा चढलो नाही.

माझी मावसबहीण आपण होऊन पुढे आली. सरोगेट होणारी स्त्री विवाहित किंवा पूर्वी विवाह झालेली, स्वतःचे मूल असलेली आणि 25 ते 35 वयाची असावी लागते. आयुष्यात एकदाच तिला हे करता येते. 2019 च्या विधेयकात ती जवळची नातेवाईकच असावी अशी अट होती, राज्यसभेच्या निवड समितीने ती काढायला सुचवले आणि कायद्यात 'इच्छुक स्त्री' आली. हा बदल मला योग्यच वाटतो, कारण घरातल्या धाकट्या सुनेला किंवा बहिणीला नकार देणे किती अवघड असते हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. वयाची अट मात्र गर्भ प्रत्यारोपणाच्या, म्हणजे सरोगेटच्या गर्भपिशवीत गर्भ ठेवण्याच्या, दिवशी पाळली जावी लागते, अर्जाच्या दिवशी नव्हे. बहिणीला पस्तीस पूर्ण व्हायला थोडेच दिवस उरले होते आणि प्रत्येक टेबलावर अडकलेला कागद आम्हाला तिच्या वाढदिवसाकडे ढकलत होता.

सरोगसीची वैद्यकीय गरज तपासणाऱ्या जिल्हा वैद्यकीय मंडळापुढे शस्त्रक्रियेचे कागद ठेवल्यावर फार प्रश्न आले नाहीत, कारण गर्भपिशवी काढलेली असणे हे नियमांतच नमूद केलेले कारण आहे. घोडे अडले ते विम्यावर. बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीसह 36 महिन्यांचे संरक्षण सरोगेटला द्यावे लागते. पण एका विमा कंपनीच्या कार्यालयात अशी पॉलिसी असते हेच कुणाला ठाऊक नव्हते आणि त्यांनी आम्हाला साधी मॅटर्निटी पॉलिसी पुढे केली. सोलापूरची जानेवारीतली गड्ड्याची जत्रा आली नि गेली, तरी आम्ही एकाच खिडकीशी उभे होतो. अखेर दुसऱ्या कंपनीने काम केले.

मुलाचे पालकत्व आणि ताबा ठरवणारा प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश मिळवायला जिल्हा न्यायालयात गेलो, तो दिवस मी विसरणार नाही. न्यायाधीश बाईंनी आम्हा नवरा-बायकोला बाजूला बसवले आणि बहिणीला पुढे बोलावून मराठीत, एकेक वाक्य सावकाश सांगत विचारले, "तुमच्यावर घरातून कुणाचा दबाव आहे का? गर्भ ठेवण्याच्या आधी केव्हाही तुम्हाला नाही म्हणता येतं, हे तुम्हाला कुणी सांगितलंय का?" तिने शिलाईच्या सुईने टोचलेली बोटे पदरात गुंडाळली होती. ती म्हणाली, "दबाव नाही मॅडम. ताईचं बाळ गेलं तेव्हा मीच तिच्यापाशी होते." मग तिने स्वतः वाचून सही केली. आपण तिला पुरते विचारले होते असा माझा समज असला, तरी परक्या, अधिकाराच्या जागेवरच्या माणसाने असे विचारणे वेगळे असते. या कायद्यातली ही पायरी कुणी काढून टाकू नये.

पुढची पात्रता प्रमाणपत्रे मिळाली आणि प्रत्यारोपण तिच्या वाढदिवसाच्या आत झाले. माझे बीज आणि यांचे शुक्राणू होते, त्यामुळे दात्याचा प्रश्न आला नाही. मुलगी झाली आणि न्यायालयाचा तोच आदेश जन्माचे प्रतिज्ञापत्र म्हणून पुरला.

एका गोष्टीचे दुःख मात्र आहे. बहीण अक्कलकोट रोडवरच्या एका कारखान्यात शाळेचे गणवेश शिवते, तिला नगावर मजुरी मिळते. सरोगसीत वैद्यकीय खर्च, विमा आणि नियमांत ठरवून दिलेला इतर खर्च सोडून काहीही देता येत नाही. तिच्या बुडालेल्या मजुरीचे पैसे मोबदला ठरू शकतील, असे वकिलांनी बजावले. बाईचे शरीर विकत घेतले जाऊ नये हा कायद्याचा हेतू मला मनापासून मान्य आहे, पण बुडालेली मजुरी भरून देणे म्हणजे विकत घेणे नव्हे. मशीनवर न बसता गेलेल्या महिन्यांची भरपाई न्यायालयातच ठरवून बँकेतून देता यावी, एवढी तरतूद नियमांत व्हायला हवी, असे आम्ही आमच्या खासदारांना लेखी कळवले आहे.