छोट्या प्रवाळ-टाकीसाठी दिवा निवडताना : माझा अनुभव

पुण्यातल्या आमच्या घरी हॉलमध्ये ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि ३६ सेंटिमीटर उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. दगड आणि वाळू यांची जागा वजा केली, तर तिच्यात जेमतेम पन्नास लिटर पाणी राहते. गेल्या वर्षी जूनमध्ये ती भरली, दोन महिने पाणी स्थिरावू दिले आणि ऑगस्टमध्ये पहिली प्रवाळे आणली. चुनखडीचा सांगाडा बांधणारी सर्व दगडी प्रवाळे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे ती ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. एका परिचितांच्या टाकीत वाढलेल्या ‘लाल मश्रूम’ या सांगाडा नसलेल्या मऊ प्रवाळाचे तीन तुकडे आणि ‘झोआ’ या छोट्या फुलांसारख्या उघडणाऱ्या मऊ प्रवाळाचा नऊ तोंडांचा एक गुच्छ एवढेच मी घेतले. हे दोन्ही जीव मंद ते मध्यम प्रकाशात सुखाने राहतात. हे वाचलेले असूनही दिवा घेताना मात्र मी त्यांचा विचारच केला नाही.

दुकानात मला सांगण्यात आले, “ताई, वॉट बघा. वॉट जितके जास्त, तितकी कोरल चांगली.” वीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवूनही मी हे मान्य केले आणि १६५ वॉटचा एलईडी दिवा साडेनऊ हजारांना घेऊन आले. पाण्यापासून २० सेंटिमीटर उंचीवर तो टांगला आणि पांढरा व निळा असे दोन्ही रंग अर्ध्यावर ठेवले. पाणी तळापर्यंत लखलखत होते आणि मला ते फार आवडले होते.

आठव्या-नवव्या दिवशी मश्रूमच्या कडा वर वळू लागल्या. एरवी बशीसारखा पसरणारा तो जीव आकसून बटणाएवढा झाला आणि त्याचा वाइनसारखा लाल रंग जाऊन आतून काचेसारखी फिकट पारदर्शकता दिसू लागली. झोआ तर दिवसभर मुठी मिटून बसत. मी पाण्याची क्षारता तपासली, ती ठीक होती. नायट्रेट तपासले, तेही ठीक होते. दगडांवर मात्र तपकिरी-हिरवे शैवाल जोमाने चढत होते. प्रकाश कमी पडतो आहे असे समजून मी दोन दिवस दिवा आणखी वाढवला, आणि या साऱ्या प्रकारात माझी खरी चूक ती होती.

प्रवाळाच्या ऊतींमध्ये सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रकाशसंश्लेषणातून तयार होणाऱ्या अन्नाचा मोठा वाटा यजमानाला देते. प्रकाश झेपेल त्यापेक्षा जास्त झाला, की हीच व्यवस्था उलटते. शैवालात अपायकारक ऑक्सिजन-संयुगे साचतात, प्रवाळ त्या शैवालाला बाहेर टाकते आणि त्याचा रंग उडतो. म्हणजे माझे मश्रूम उपाशी नव्हते, ते पोळत होते. मी त्यांना दगडाच्या सावलीत हलवले आणि दिवा एक चतुर्थांशावर आणला.

त्यानंतर मी पहिल्यांदा मोजमापाकडे वळले. मोबाइलमधल्या लक्स मोजणाऱ्या अ‍ॅपवर विसंबून चालणार नव्हते, कारण लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी आहे. आपला डोळा हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो, तर प्रवाळाच्या दिव्यात निळा भरपूर असतो आणि लक्समध्ये तो फारच कमी मोजला जातो. उपयोगी माप म्हणजे पार, अर्थात ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातल्या प्रकाशकणांची संख्या, जी मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद अशी सांगतात. ज्यांच्याकडून प्रवाळे घेतली होती, त्यांनी अपोजी कंपनीचा पाण्याखाली चालणारा मीटर चार दिवसांसाठी दिला.

एका रविवारी जेवणाच्या टेबलावर आलेखाचा कागद पसरून मी टाकीचा नकाशा काढला आणि बारा ठिकाणी मीटरचे टोक धरून आकडे लिहिले. आधीच्या सेटिंगवर वरच्या दगडापाशी ४३० आणि वाळूवर २१० भरले. मऊ प्रवाळांना साधारण ५० ते १५० पुरते! माझ्या टाकीतला सर्वांत अंधारा कोपरासुद्धा त्यांच्यासाठी जास्त प्रखर होता, आणि एवढ्या उथळ टाकीवर १६५ वॉटचे काही कामच नव्हते.

तो दिवा मी मंद करून वापरू शकले असते, पण त्याचा पंखा हॉलमध्ये सतत घरघरत असे आणि रंगांवर ताबा असा फारसा नव्हता. म्हणून साधारण ५० वॉटचा, टाकीच्या काठाला पकडणाऱ्या दांड्याचा दिवा घेतला. तो आधीच्या दुपटीहून महाग पडला. त्यात प्रत्येक रंग वेगळा कमी-जास्त करता येतो आणि सकाळ-संध्याकाळ प्रकाश हळूहळू चढवता-उतरवता येतो. मी निळा अधिक आणि पांढरा बेताचा ठेवला आहे. समुद्राचे पाणी लाल प्रकाश वरच्या काही मीटरमध्येच शोषून घेते आणि निळा खोल जातो, त्यामुळे या जीवांना तो मानवतो; शिवाय नव्या टाकीत पांढरा आवरला, तर नको असलेले शैवालही आटोक्यात राहते असा माझा अनुभव आहे. दिवा एकच असल्याने कोपऱ्यांत पार ३५ ते ४० एवढाच भरतो, मध्यभागी वाळूवर ६० आणि वरच्या दगडावर १३०. मश्रूम कोपऱ्याकडे आणि झोआ मधल्या दगडावर, अशी जागा या आकड्यांनीच ठरवली.

सुरुवात तीस टक्क्यांपासून केली आणि दर आठवड्याला पाच टक्के वाढवत पंचावन्नवर थांबले. प्रकाश रोज नऊ तास असतो. वायरींना प्लगच्या खालपर्यंत झोळ दिला आहे, म्हणजे ओघळणारे खारे पाणी प्लगमध्ये न जाता खाली ठिबकते, आणि त्या बोर्डाला ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घेतला आहे. खाऱ्या पाण्याजवळ वीज वापरणाऱ्या प्रत्येकाने हे आधी करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

डिसेंबरमध्ये मीटर पुन्हा मागून आणला, तेव्हा एक अनपेक्षित आकडा हाती लागला. दक्षिणेकडच्या गॅलरीतून पावसाळ्यात ऊन आत येत नाही, पण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलल्यावर दुपारी तासभर ते थेट डाव्या काचेवर पडते आणि तेवढ्या वेळात तिथला पार २०० च्या वर जातो. त्या बाजूला आता जाड पडदा आहे.

मश्रूम सावरायला अडीच महिने लागले. रंग परतला तो आधी मळकट तपकिरी, कारण आतले शैवाल पहिल्यांदा वाढते. लाल छटा त्यानंतर कडेकडेने चढत गेली. झोआची नऊ तोंडे आज चौतीस आहेत. सकाळी साडेदहाला निळा प्रकाश वाढू लागला, की दगडाच्या डाव्या टोकाची दोन-तीन आधी उघडतात, मग त्यांच्या शेजारची, आणि अकरा वाजेपर्यंत सगळा गुच्छ फुललेला असतो.