चौकावर पत्रे टाकण्याआधी

मागच्या आठवड्यात पारोळ्याहून भावाचा फोन आला. "ताई, वाड्याच्या चौकावर पत्रे टाकून घेतो. पावसाळ्यात ओसरीपर्यंत पाणी येतं, माकडं वरून उड्या मारतात. वेल्डर शुक्रवारी येतोय." मागून काकूचा आवाज, "आते पानी घरमा येवाले नको बा!" धुळ्यात एकवीस वर्षं मी घरांचे नकाशे काढतेय, कित्येकांच्या गच्चीवर पत्रे मीच दाखवलेत. पण आपल्या वाड्याचा चौक झाकायचा म्हटल्यावर माझ्या तोंडून शब्द फुटेना.

रात्री डिप्लोमाच्या वेळचा कागद काढला. तेव्हा टेपचं दुसरं टोक भावाने धरलं होतं. चौक चौदा बाय सोळा फूट, चारी बाजूंनी दगडी तळखड्यांवर सागवानी खांब, वर सज्जा. त्या कागदाशेजारी लंडनच्या रिफॉर्म क्लबचा नकाशा उघडला. हा नकाशा मी अनेकदा बघते, कारण त्याच्या मधोमधही चौकच आहे.

1832 च्या निवडणूक सुधारणा कायद्याच्या बाजूने असलेल्या लोकांनी 1836 मध्ये हा क्लब काढला. पॉल मॉल रस्त्यावरची ही इमारत चार्ल्स बॅरीने बांधली. ब्रिटिश संसदेची आजची इमारतही त्याचीच. 1841 मध्ये क्लब नव्या वास्तूत आला. बाहेरून पोर्टलंडचा फिकट दगड, सरळ रांगेत खिडक्या, नमुना रोमच्या फार्नेसे प्रासादाचा. तळघरातलं स्वयंपाकघर आलेक्सी स्वाये या फ्रेंच आचाऱ्याने बॅरीसोबत बसून आखलं. तिथे त्या काळात गॅसवर रांधत, आणि लोक ते मुद्दाम बघायला येत. आमच्या घरी गॅस आला तेव्हा मी शाळेत होते, म्हणून हे वाचून थक्क झाले.

पण माझा जीव अडकलाय तो मधल्या दालनात. रोमच्या प्रासादाचा चौक वरून उघडा आहे. लंडनच्या थंडीपावसात उघड्या चौकात कोण बसणार? म्हणून इथे वर काच आली. तरीही तो चौकच राहिला. भोवती दोन्ही मजल्यांवर खांब, वर फिरता सज्जा, उजेड डोक्यावरून, आणि खोलीतून खोलीत जाताना पाय याच जागेकडे वळतात. छत टाकूनही चौकाचा जीव कसा राखायचा, हे बॅरीला नेमकं कळलं होतं.

आमच्याकडेही वर सज्जा आहे. खाली बैठकीत पुरुषांची बोलणी चालायची आणि आजी सज्जातल्या खांबाला टेकून धान्य निवडत सगळं ऐकायची. खाली उतरून बोलायची सोय नव्हती. त्या क्लबातही बायकांना सभासद करून घेतलं ते थेट 1981 मध्ये. आजीचा तो खांब तुपकट हातांनी गुळगुळीत झालाय, अजून.

लंडनची काच मात्र पारोळ्याला चालायची नाही. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो. दिवसभर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छत, आणि जाड भिंती ऊन पितात, रात्री तीच धग आत सोडतात. ती गरम हवा चौकातून वर निघून जाते, म्हणून पहाटे ओसरीवर गारवा येतो. चौकाचं तोंड बंद केलं की धग घरातच कोंडणार. काच असो की पत्रा, घराची भट्टी होणार.

पाणी अडायलाच हवं, काकूचं खरं आहे. पडत्या पावसात कंदील घेऊन चौक ओलांडताना ती दोनदा घसरलीय. म्हणून मी रात्रीत नवा नकाशा काढला. पत्रे धाब्याला टेकवायचे नाहीत, तीन फूट वर उचलायचे. चारी बाजू उघड्या, माकडांसाठी जाळी. तिरपा पाऊस आत येऊ नये म्हणून पत्रे दोन फूट बाहेर काढायचे, कडेला पन्हाळ लावून पाणी परसातल्या मोरीत सोडायचं. उत्तरेकडे एकच पारदर्शक पत्रा, सज्जावर उजेड पडेल असा.

भावाने खर्च विचारला, मी आकडा सांगितला. थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "शुक्रवारचं रद्द करतो, सोमवारी बोलावू." मी रविवारीच टेप घेऊन निघतेय. लोखंडी खांब भिंतींवर उभे राहणार आहेत, तिथली धाब्यावर पसरलेली खारी माती कुठे दबलीय ते आधी धाब्यावर चढून बघायचंय.