आमची वाटचाल : पंचक्रोशीतले अन्न पुण्याच्या ताटात

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, सह्याद्रीच्या माथ्याजवळ, वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहूनही जास्त पाऊस पडतो आणि तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला, शिरूर, दौंड, इंदापूरकडे जाईपर्यंत तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास उतरतो. या उतारामुळेच मुळशी, मावळ आणि भोरमध्ये भात होतो, पुरंदरच्या माळावर अंजीर, सीताफळ आणि पावसाळी वाटाणा पिकतो, जुन्नर-आंबेगावात टोमॅटो, कांदा, बटाटा आणि शिरूरच्या कोरडवाहू रानात बाजरी निघते. इतकी विविध पिके एका शहराच्या हाकेच्या अंतरावर असताना त्यांतली बरीचशी आपल्या स्वयंपाकघरात दोन-तीन दिवस उशिरा आणि तीन-चार हात बदलून का पोचावीत, या प्रश्नातून आमचा व्यवसाय उभा राहिला. कोथरूडमधील एक लहानसे दुकान, आठवड्यातून दोनदा घरपोच जाणारी भाजीची पेटी आणि धान्याचे एक छोटे कोठार, एवढाच आमचा पसारा आहे. माझी धाकटी बहीण कृषी पदवीधर असल्याने शेतावरची बाजू ती सांभाळते. ग्राहक आणि हिशेब माझ्याकडे आहेत.

आम्ही 2017 मध्ये सुरुवात केली, त्याला एक व्यावहारिक कारण होते. महाराष्ट्र शासनाने जुलै 2016 मध्ये फळे आणि भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला, त्यामुळे समितीच्या आवाराबाहेर शेतकऱ्याकडून थेट खरेदी करणे आमच्यासारख्या लहान दुकानदारालाही सोपे झाले. पुण्याच्या घाऊक बाजाराबद्दल, म्हणजे गुलटेकडीच्या मार्केट यार्डाबद्दल, आमच्या मनात आजही आदर आहे. लाखो लोकांचे शहर त्या व्यवस्थेशिवाय एक दिवसही जेवू शकणार नाही. आम्हाला मात्र जो माल त्या लांब रांगेत टिकत नाही, त्याच्यासाठी वेगळी वाट हवी होती.

म्हणून पहिला मान पालेभाज्यांना दिला. भाजी खुडल्यानंतरही पानाचे श्वसन चालूच असते. त्यात साठवलेली साखर खर्च होते, पाणी उडून जाते आणि जीवनसत्त्व क झपाट्याने घटते. पालकासारख्या नाजूक भाजीतले हे जीवनसत्त्व उन्हाळ्यातल्या उघड्या तापमानात दोन-तीन दिवसांत मोठ्या प्रमाणात निघून जाते आणि जुडी वरून पाणी मारून टवटवीत दिसली तरी ते परत येत नाही. हवेली आणि पुरंदरमधले आमचे शेतकरी संध्याकाळी ऊन उतरल्यावर मेथी, चाकवत, चुका, राजगिरा, अंबाडी काढतात, जुड्या ओल्या गोणपाटाखाली ठेवतात आणि पहाटेचा टेम्पो सकाळच्या स्वयंपाकाआधी कोथरूड आणि कर्वेनगरात पोचतो.

वाटाण्याचे उदाहरण याहूनही बोलके आहे. शेंग तोडल्यापासून दाण्यातल्या साखरेचे पिष्टात रूपांतर होऊ लागते आणि उष्णतेत ही क्रिया आणखी वेग घेते. दिवे घाटाच्या पलीकडे पुरंदरमध्ये श्रावणाच्या सुमारास निघणारा वाटाणा त्याच दिवशी सोलून खाल्ला, तर त्याला वेगळी साखर घालावी लागत नाही. हिवाळ्यात परराज्यांतून येणारा वाटाणा वाईट असतो असे मी म्हणणार नाही. पण त्याच्या गोडीचा बराचसा भाग रस्त्यात संपलेला असतो, ही वस्तुस्थिती आहे.

पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हे फळ झाडावरच पिकावे लागते, कारण कच्चे उतरवलेले अंजीर नंतर मऊ पडले तरी गोड होत नाही. आणि पिकलेले अंजीर साध्या तापमानात एक-दोन दिवसांपलीकडे तग धरत नाही. म्हणजे लांबच्या बाजारासाठी ते थोडे आधीच तोडावे लागते आणि तिथल्या ग्राहकाला अंजीर म्हणून जे मिळते ते अर्धवट फळ असते. पुणेकर मात्र पुरंदरमधल्या सासवडपासून तासाभराच्या अंतरावर राहतात. पूर्ण पिकलेले, देठाशी किंचित वाकलेले अंजीर खाण्याचा अधिकार ज्यांना भूगोलानेच दिला आहे, त्यांनी तो वापरू नये याचे मला मनापासून वाईट वाटते. सीताफळाचे गणित थोडे निराळे आहे. डोळे उघडून फुगले की ते उतरवता येते, दोन-चार दिवसांत घरी पिकते, पण कच्चे असताना फ्रीजमध्ये ठेवले तर साल काळी पडते आणि गर नीट पिकत नाही. हे आम्ही प्रत्येक पेटीवर लिहून देतो.

धान्याकडे आम्ही नंतर वळलो, आणि जवळच्या उत्पादनाचा लाभ धान्यातही असतो हे तेव्हा आमच्या लक्षात आले. इंद्रायणी ही वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने 1987 मध्ये दिलेली जात, सुवासिक आंबेमोहोर आणि भरघोस उत्पादन देणारी आय. आर. 8 या भाताच्या जातींच्या संकरातून आलेली. तिचा भात आसट होतो आणि ताज्या तुपाबरोबर, मेतकुटाबरोबर त्याला तोड नाही. हातसडीचा किंवा कमी पॉलिशचा तांदूळ ठेवायचा तर कोंड्यातले तेल काही महिन्यांत खवट होऊ लागते आणि किडीचाही धोका वाढतो, त्यामुळे मोठे व्यापारी तो टाळतात. आम्ही भात साळीच्या रूपातच गावात ठेवतो आणि मागणीप्रमाणे थोडा थोडा भरडून आणतो. बाजरीच्या पिठालाही हाच नियम लागू आहे. त्यातल्या स्निग्धांशामुळे ते लवकर कडवट होते, म्हणून दळलेले पीठ दुकानात साठवायचेच नाही, असा आमचा शिरस्ता आहे. ग्राहकासमोर दळून दिलेल्या बाजरीची भाकरी खाऊन ‘बाजरी आम्हाला आवडत नाही’ म्हणणारी कितीतरी तरुण मंडळी नियमित गिऱ्हाइके झाली.

आता भावाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण व्यवसायाचा प्राण तिथे आहे. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासगटाने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार ग्राहकाने मोजलेल्या रुपयातून शेतकऱ्याच्या हाती टोमॅटोमागे साधारण 33, कांद्यामागे 36 आणि बटाट्यामागे 37 पैसे पोचतात. उरलेले सगळे पैसे कोणाच्या लोभापायी जातात असे नाही; हमाली, तोलाई, वाहतूक, मध्ये खराब होणारा माल आणि किरकोळ विक्रेत्याचा दिवसभराचा वेळ त्यात मोजला जातो. अंतर आणि हात कमी केले की यातले काही खर्च खरोखरच नाहीसे होतात, आणि ती बचत दोन्ही टोकांना वाटता येते. आम्ही लागवडीआधीच शेतकऱ्याबरोबर बसून, बियाणे, खत, मजुरी आणि अपेक्षित उतारा धरून तळाचा एक भाव ठरवतो. बाजार त्याच्या खाली गेला तरी तो भाव मिळतोच.

या पद्धतीची खरी कसोटी 2023 च्या पावसाळ्यात लागली. त्या जुलैमध्ये टोमॅटोचा किरकोळ भाव शंभर रुपयांच्या पुढे गेला, आणि ठरलेल्या भावाने माल देत राहा असे सांगणे आमच्या शेतकऱ्यांवर अन्याय करणारे ठरले असते. नारायणगावकडच्या शेतकऱ्यांबरोबर आम्ही त्याच आठवड्यात बैठक घेतली आणि बाजारभाव ठरलेल्या भावाच्या दीडपटीवर गेला तर वरच्या रकमेचा अर्धा वाटा त्यांना द्यायचा, असे ठरवले. ग्राहकांना तो हिशेब जसाच्या तसा कळवला. पेटी महाग झाली, काही घरांनी टोमॅटो तात्पुरता बंद करून आमसूल आणि चिंचेवर भागवले, पण एकाही शेतकऱ्याने करार मोडला नाही. पुढे सप्टेंबरात भाव कोसळले आणि अनेक ठिकाणी तोडणीचा खर्चही निघेना, तेव्हा तळाचा भाव ग्राहकांनी कुरकुर न करता दिला. या दोन महिन्यांनी आमच्यातला विश्वास जितका पक्का केला, तितका कोणत्याही जाहिरातीने केला नसता.

एक गोष्ट आम्ही प्रत्येक नव्या ग्राहकाला स्पष्ट सांगतो: जवळचे पीक म्हणजे विषमुक्त पीक, असे समीकरण मांडता येत नाही. पुण्याच्या खालच्या अंगाला मुळा-मुठेच्या पाण्यात शहराचे सांडपाणी मिसळते, आणि त्या पाण्यावर वाढलेली भाजी शहरापासून कितीही जवळ असली तरी आम्ही घेत नाही. विहिरीच्या आणि कूपनलिकेच्या पाण्याची तपासणी करून घेतो. आमच्या काही शेतकऱ्यांकडे सहभाग हमी पद्धतीचे, म्हणजे शेतकरी गटाने एकमेकांच्या शेतांची पाहणी करून दिलेले, सेंद्रिय प्रमाणपत्र आहे, काहींकडे नाही. ज्यांच्याकडे नाही त्यांनी कोणते औषध कधी फवारले आणि फवारणीनंतर काढणीपर्यंतचा प्रतीक्षा काळ पाळला की नाही, याची नोंदवही माझी बहीण शेतावर जाऊन पाहते. जवळ असण्याचा उपयोग इथे होतो: शंका आली तर दुपारच्या आत बांधावर पोचता येते.

इंधन आणि प्रदूषणाबाबतही अतिशयोक्ती करू नये असे मला वाटते. जगभरच्या अन्नोत्पादनातून होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा तुलनेने लहान आहे; मोठा वाटा शेतीच्या पद्धती आणि आपण काय खातो यांचा असतो. त्यामुळे टेम्पोने कमी किलोमीटर कापले या एकाच आधारावर आम्ही पाठ थोपटून घेत नाही. नासाडी मात्र नक्कीच कमी होते. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या लुधियाना येथील संस्थेने 2015 मध्ये मांडलेल्या अभ्यासात फळे आणि भाज्यांची काढणीनंतरची हानी, पिकानुसार, सुमारे 4.6 ते 15.9 टक्के दाखवली आहे. पिकासाठी वापरलेले पाणी, खत आणि श्रम वाया न जाणे हा मला सर्वांत ठोस लाभ वाटतो.

ग्राहकांची सवय बदलणे मात्र सोपे नव्हते. बाराही महिने फ्लॉवर, ढोबळी मिरची आणि वाटाणा हवा, ही अपेक्षा शहरात रुजलेली आहे. आम्ही तिच्याशी वाद घालण्याऐवजी आपल्याच सणांचा आधार घेतला. भोगीच्या भाजीत पावटा, हरभरा, गाजर, वांगे, बोरे, ऊस आणि तीळ एकत्र येतात, कारण पौषात आपल्या रानात तेच असते. पावसाळ्यात मुळशी आणि राजगड तालुक्यातल्या बचत गटांच्या महिला टाकळा, कुरडू, भारंगी, फोडशी आणतात. या रानभाज्या कशा निवडायच्या आणि शिजवायच्या ते त्या स्वतः दुकानात येऊन शिकवतात. कोवळा टाकळा कुठवर घ्यायचा आणि भारंगीचा कडवटपणा उकळून कसा काढायचा, हे ज्ञान पुस्तकापेक्षा त्यांच्या हातात अधिक आहे, आणि त्याचा त्यांना मोबदला मिळतो.

2020 च्या टाळेबंदीत मार्केट यार्ड काही काळ बंद राहिले आणि सोसायट्यांच्या दारात शेतकऱ्यांचे टेम्पो थेट येऊ लागले. आमचीही मागणी एकदम वाढली. निर्बंध उठल्यावर ती कमी झाली, पण पूर्वीच्या पातळीवर गेली नाही.

त्या काळातच अनेक घरांनी गच्चीवर वाफे केले. आम्ही रोपे, बियाणे आणि पालापाचोळ्याचे खत पुरवू लागलो, आणि ज्या मुलांनी स्वतः लावलेली मुळ्याची शेंग खाल्ली त्यांना भाजीचा भाव वेगळा समजावावा लागला नाही. गच्चीवर घराची सगळी गरज भागत नाही, कोथिंबीर, पुदिना, मिरची आणि कढीपत्ता मात्र बहुतेक घरांचे सुटतात.

आमच्यापुढची काळजीची बाब वेगळी आहे. महापालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे आली, रस्ते आणि इमारती पुढे सरकत आहेत, आणि आमच्या सुरुवातीच्या शेतकऱ्यांपैकी दोघांच्या रानात आता भूखंड पडले आहेत. जमीन विकणाऱ्याला दोष देता येत नाही. वर्षभराचा ठरलेला भाव आणि ठरलेले गिऱ्हाईक मिळाले, तर त्यांच्या शेजारचे तिसरे घर शेती टिकवू म्हणत आहे, आणि आम्ही त्यांच्याशी तीन वर्षांचा करार करत आहोत. या हंगामात मावळातल्या एका शेतकरी गटाबरोबर गावातच छोटी भातगिरणी बसवण्याची बोलणीही चालू आहेत. ती झाली तर दिवाळीनंतरचा नवा इंद्रायणी भरडल्याच्या आठवड्यातच दुकानात येईल, आणि कोंडा गावातल्या गुरांसाठी तिथेच राहील.