काच बदलली, पण कॅमेऱ्याला कोणी सांगितलंच नाही

आईचं ओंकारेश्वरचं दर्शन तीन महिन्यांपासून राहत होतं, शेवटी मे महिन्यातल्या एका शनिवारी पहाटे पाचला निघालो, म्हणजे ऊन चढायच्या आत इंदूरला परत. जाताना काही झालं नाही. येताना भेरूघाट चढून सिमरोलकडे लागलो, फोरलेनच्या कामामुळे तिथे रस्त्यावर गिट्टी सांडलेली (पुण्याकडच्यांसाठी, गिट्टी म्हणजे खडी), आणि पुढच्या डंपरच्या चाकाखालून एक खडा उडाला तो सरळ काचेवर, टक्क! मागे डुलक्या घेणारी आई दचकून उठली, "काय फुटलं रे?" म्हणलं काही नाही, झोप तू. खाली उतरून बघितलं तर डावीकडे, वायपरच्या वर वीतभर, एक चांदणी. रुपयाच्या नाण्याहून लहान.

आता इथे माझी चूक. तेव्हाच कुणाकडे तरी जाऊन त्या चांदणीत रेझिन भरून घेतलं असतं तर हजारभरात काम झालं असतं. एवढी लहान चांदणी, ड्रायव्हरच्या नजरेसमोर नाही, कॅमेऱ्याच्या समोर नाही, म्हणजे भरता येण्यासारखी होती. पण शनिवार गेला, रविवारी पोहे-जलेबी आणि झोप, आणि सोमवारी दुपारी ऑफिसच्या बाहेर भर उन्हात तापलेल्या गाडीत बसून मी एसी फुल करून हवा काचेकडे सोडली. बाहेरून तवा, आतून फ्रीज. त्या चांदणीतून एक रेघ निघाली आणि माझ्या डोळ्यांदेखत सरकत सरकत वर गेली, आवाज नाही काही नाही, जणू कुणी आतून पेन्सिलने ओढतंय. थांबली ती थेट आरशामागे, कॅमेऱ्याच्या काळ्या डब्यापाशी.

तो डबा म्हणजेच सगळी भानगड. आमची गाडी एडासवाली, म्हणजे कॅमेरा-रडारने रस्ता बघून ड्रायव्हरला मदत करणारी. लेन सोडली की स्टिअरिंग हलकेच परत ओढते, पुढची गाडी अचानक थांबली तर आपण ब्रेक मारायच्या आधी स्वतः मारते वगैरे. रडार पुढच्या बंपरमागे असतं, पण लेनच्या रेघा बघायचं काम काचेमागच्या कॅमेऱ्याचं. म्हणजे काच हा त्याचा चष्माच झाला. हे मला तेव्हा एवढं कळत नव्हतं, आत्ता कळतंय.

आधी गेलो छोट्या ग्वालटोलीकडे एका काचवाल्याकडे, जुन्या गाडीची काच त्यानेच बसवली होती आणि छान बसवली होती. म्हणाला सात हजार, दीड तास. मी कॅमेऱ्याचं विचारलं तर, "चिपका देंगे भिया, जैसा था वैसा." दाखवलेली काच बघितली तर तिच्यावर कॅमेऱ्याचा ब्रॅकेटच नव्हता. ब्रॅकेट काचेला कारखान्यातूनच चिकटून येतो, तो मिलिमीटरच्या हिशोबात असतो, आणि हा भला माणूस जुन्या काचेवरचा उपटून फेविक्विकने लावायच्या बेतात. चहा पिऊन निघालो.

मग इन्शुरन्सचा हिशोब मांडला, कारण क्लेम करायचा की नाही हाच पहिला प्रश्न. पॉलिसीत काचेवर घसारा शून्य असतो, प्लॅस्टिक-रबरवर 50 टक्के कापतात तसं काचेला नाही. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला आपल्या खिशातून सक्तीचे 1000 रुपये, त्यावरच्याला 2000. पण खरी किंमत नो क्लेम बोनसची, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणाऱ्या सवलतीची. माझी दोन वर्षं बिनक्लेमची, म्हणजे 25 टक्क्यांवर होतो, पुढे 35, 45, 50 असं चढलं असतं, क्लेम केला की शून्यावरून परत 20, 25 ची शिडी. ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) प्रीमियम 11,000 धरून वहीत पाच वर्षांची बेरीज केली तर तोटा निघाला साधारण साडेअकरा हजार. जुन्या गाडीत सात हजारांच्या काचेसाठी क्लेम म्हणजे वेडेपणा ठरला असता. इथे वर्कशॉपचं एस्टिमेट आलं 27,640, टॅक्ससकट. क्लेम टाकला. नुकसान 50,000 च्या आत असलं की सर्व्हेअरने यायलाच पाहिजे असं नाही, मी ॲपवरून फोटो आणि एक व्हिडिओ पाठवला, दुसऱ्या दिवशी मंजुरी.

काच यायला सहा दिवस लागले. तोवर गाडी कमी चालवली, आणि चालवली तेव्हा एडास बंद.

बसवताना मी मुद्दाम तिथेच थांबलो, सर्व्हिस ॲडव्हायझरला ते फारसं आवडलं नाही. पण बघण्यासारखं काम असतं हो. दोघे जण, एक आत एक बाहेर, मधल्या गोंदातून बारीक वायर आरपार घालून दोन्हीकडून ओढतात, करवतीसारखी, आणि काच अख्खी सुटते. मग चौकटीवरचा जुना गोंद पात्याने कापतात, पण पार पत्र्यापर्यंत खरवडत नाहीत, दोन मिलिमीटरचा थर ठेवतात, नवा गोंद त्यालाच चांगला धरतो. वर काळा प्रायमर, मग पीयूची, म्हणजे नव्या गोंदाची, जाड नळीसारखी रेघ सगळीकडे सारख्या उंचीची, आणि शेवटी व्हॅक्यूमच्या कपांनी उचलून काच अलगद बसवतात. कोपऱ्यातला शिक्का मी वाकून बघितला, जुन्या काचेवर जी कंपनी तीच नव्यावर, आयएसआयचा मार्कही होता. गाडी चार तास हलवू दिली नाही, दोन दिवस प्रेशरने धुवायची नाही, आणि दार आपटायचं नाही, एक खिडकी बोटभर उघडी ठेवायची, कारण सगळ्या खिडक्या बंद असताना दार आपटलं की आतली हवा ओल्या गोंदावर धक्का देते. मी म्हणलं एवढं काय काचेचं, तर त्यातला थोरला म्हणाला, पुढच्या पॅसेंजरची एअरबॅग फुटते ना, ती काचेच्याच आधाराने उलगडते, काच सुटली तर एअरबॅग बाहेर आणि माणूसही.

संध्याकाळी गाडी हातात. बिलात एक ओळ, एडास कॅलिब्रेशन (नव्या काचेमागे कॅमेऱ्याची नजर परत जुळवून देणं), 4,500 रुपये. मी विचारलं झालं का, ॲडव्हायझर म्हणाला हो सर, डॅशबोर्डवर बघा, एकही लाइट नाही. खरंच नव्हता. मी खूश.

दोन दिवसांनी बायपासला देवासच्या दिशेने चाललो होतो, ऐंशीच्या आसपास, गाडी मधल्या लेनच्या मधोमध, आणि स्टिअरिंग हलकेच डावीकडे ओढायला लागलं. वाटलं वारा असेल. परत सरळ केली, परत ओढ. शेजारच्या ट्रकची मागची चाकं खिडकीत दिसायला लागली तेव्हा बायको ओरडली, "अरे काय करून राहिलास!" मी काहीच करत नव्हतो, तेच तर! बटण दाबून लेन असिस्ट बंद केलं आणि गाडी गाईसारखी सरळ चालायला लागली. म्हणजे अलाइनमेंट नाही, कॅमेरा. त्याच्या मते आम्ही लेनच्या उजवीकडे गेलो होतो आणि तो बिचारा इमानदारीने आम्हाला परत आणत होता.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपला. ॲडव्हायझर आधी म्हणाला टायर प्रेशर बघा, मग म्हणाला रस्त्याला उतार असतो सर, मग म्हणाला सिस्टिममध्ये एरर नाही तर आम्ही काय करणार. मी भांडत नाही शक्यतो. फक्त म्हणलं की कॅलिब्रेशनचे 4,500 लावलेत तर त्याची प्रिंट द्या, स्कॅनर प्रत्येक वेळी रिपोर्ट काढतो, तारीख-वेळेसकट. त्यावर तो जो आत गेला तो वीस मिनिटांनी आला, सोबत एक वयस्कर टेक्निशियन. त्याने स्कॅनर लावला, माझ्याकडे बघितलं, ॲडव्हायझरकडे बघितलं, आणि त्याच्याशी हिंदीत दोन वाक्यं बोलला ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. झालं असं होतं की काच बसवल्यावर कॅमेरा काढ-घाल केल्याचे एरर कोड आले, ते कुणीतरी नुसते पुसून टाकले. कोड पुसले की लाइट जातो. कॅमेरा मात्र अजून जुन्याच काचेतून बघतोय असं समजून चाललेला.

मी फोनवर आईशी मराठीत बोलताना त्या टेक्निशियनने ऐकलं आणि म्हणाला, "आपण मराठी का? मग आधी नाही सांगायचं!" मूळचे धारचे निघाले, तिसरी पिढी. मग त्यांनी समजावलं ते मला आजवरचं सगळ्यात चांगलं समजावणं वाटतं. दोन बोटं समोर धरली आणि एक बोट किंचित वाकडं केलं. "दादा, एक अंश. डोळ्याला कळणार नाही एवढं. पण शंभर मीटर पुढे तेच पावणेदोन मीटर होतं. हायवेची लेन केवढी, साडेतीन मीटर. म्हणजे अर्धी लेन गेली." मी घरी येऊन कॅल्क्युलेटरवर करून बघितलं, 1.75 मीटर, बरोबर.

कॅलिब्रेशन मग माझ्यासमोर झालं. पहिल्यांदा चारी टायरांची हवा. मग डिकी रिकामी करायला लावली, माझ्या डिकीत आईच्या माहेरचे दहा किलो गहू आठवड्यापासून पडलेले, ते उतरवले, कारण मागे वजन असलं की गाडीचं नाक वर होतं आणि कॅमेरा आभाळाकडे बघतो. मग गाडीची मधली रेघ काढली, चक्क ओळंबा सोडून, बंपरच्या मधोमध दोरा आणि खाली खडूची खूण, आणि त्यावरून लेसर. समोर स्टँडवर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा बोर्ड, ठरलेल्या अंतरावर, ठरलेल्या उंचीवर, टेपने दोनदा मोजून. एवढं सगळं करून पहिल्या वेळी फेल! काकांनी इकडेतिकडे बघितलं आणि शटर खाली ओढायला सांगितलं, दुपारचं ऊन तिरपं बोर्डाच्या एका कोपऱ्यावर येत होतं. शटर बंद, ट्यूबलाइट चालू, पास. मग स्कॅनर लावलेला तसाच ठेवून बायपासला वीस मिनिटं, दोन्हीकडच्या पांढऱ्या रेघा ठळक आहेत असा पट्टा शोधून एका वेगाने चालवायचं, स्क्रीनवर टक्का चढत जातो. एका ठिकाणी रेघा पुसलेल्या होत्या तिथे टक्का 62 वर अडकून बसला. काका म्हणाले काही कंपन्यांच्या गाड्यांना नुसता बोर्ड पुरतो, काहींना नुसता रस्ता, आमच्या मॉडेलला दोन्ही. प्रिंट घेतली, फोटो काढून पॉलिसीच्या फोल्डरमध्ये ठेवला. येताना लेन असिस्ट चालू करून हात हलके ठेवले, गाडी मधोमध.

खर्च खिशातून किती, तर 1000 ते सक्तीचे आणि 1,240 गोंद, क्लिपा वगैरेचे, कारण मी कन्झ्युमेबल्सचं ॲड-ऑन घेतलं नव्हतं. बाकी इन्शुरन्स कंपनीने दिलं. कॅलिब्रेशनवर त्यांनी एकदा विचारलं की हे कशाला, वर्कशॉपने कार मेकरची सूचना जोडून पाठवली तेव्हा मान्य केलं.

पण जी गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती ती टोल नाक्यावर कळली. फास्टॅग! तो जुन्या काचेवर. काढायला गेलं की फाटतो, तसाच बनवलेला असतो, आणि काच तर भंगारात गेली. नाक्यावर आडवा दांडा, मागे हॉर्न, आणि मी काचेकडे बोट दाखवून टोलवाल्याला सांगतोय की इथे होता. रोखीत दुप्पट भरले. बँकेकडून बदली टॅग मागवला, 100 रुपये, चार दिवस. त्याच काचेवर हाय सिक्युरिटी नंबर प्लेटसोबत आलेलं ते फिकट निळं स्टिकरही होतं, पेट्रोलच्या गाडीचं, तेही गेलं. त्याचा अर्ज वेगळा, तो अजून पेंडिंग आहे.

आणि एक राहिलं. डॅशबोर्डवर मधोमध आईने बसवलेला, आमच्या इंदूरच्या खजराण्याचा पितळी गणपती. काकांनी तो उचलून माझ्या हातात दिला, म्हणाले चमकणारी वस्तू इथे नको, उन्हात तिचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि ते कॅमेऱ्याला दिसतं. मी ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवला. आईला दुसऱ्या दिवशी कळलं.

"देवाला अंधारात कोंडलंस?"

कॅमेरा, प्रतिबिंब, पावणेदोन मीटर, सगळं सांगून झालं. ऐकून घेतलं तिने शांतपणे आणि म्हणाली, "त्याला दिसत नसताना तू गाडी चालवणार का?" सध्या गणपती गिअरच्या पुढच्या कप होल्डरमध्ये आहे, खाली लाल रुमाल, पुढे तोंड करून. माझा चहाचा ग्लास आता मांडीत असतो.