तुम्ही विचारलंत म्हणून: केकातल्या चॉकलेट चिप्स तळाला का बसत नाहीत?

"आमच्या चिप्स सगळ्या तळाला जाऊन बसतात, वर नुसता कोरडा केक, तुम्ही नेमकं काय करता?" हे मला मुलांच्या वाढदिवसांना, शाळेच्या गेटवर, फोंड्याच्या बाजारात भाजी घेताना सुद्धा विचारलं गेलंय, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

चिप्स मैद्यात घोळवून घाला हा सल्ला सगळ्यांनी ऐकलेला असतो. घोळवा की, नुकसान काही नाही, पण पातळ पिठात तो मैदा ओला व्हायला कितीसा वेळ लागणार? चिप पिठापेक्षा जड असते, आणि ओव्हनमध्ये गेल्यावर पीठ घट्ट व्हायच्या आधी बटर वितळून ते अजून पातळ होतं, नेमकं तेव्हाच चिप्स खाली जातात. त्यामुळे खरा इलाज चिप्सवर नाही, पिठावर करायचा असतो.

म्हणून मी स्पंजमध्ये चिप्स घालतच नाही, बाथात घालते. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, बाथ म्हणजे रवा आणि ओल्या नारळाचा केक, नाताळात शेजारून येणाऱ्या ताटात दोदोल-नेवऱ्यांबरोबर असतोच. पाव किलो बारीक रवा, एका नारळाचं खोबरं खवून मिक्सरला जरा भरड फिरवलेलं, सव्वाशे ग्रॅम बटर, तीन अंडी, चिमूटभर मीठ. साखर एरवी पाव किलो लागते पण चिप्स गोड असतात त्यामुळे मी दोनशेवर थांबते, आणि चिप्स असल्या की गुलाबपाणी नको, वेलचीच बरी. हे सगळं कालवून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचं. रवा पाणी पिऊन फुगतो आणि सकाळी पीठ इतकं दाट झालेलं असतं की चमचा उभा राहतो. ते जरा बाहेर ठेवून नरम होऊ द्या, मग एक चमचा बेकिंग पावडर आणि अगदी शेवटी मूठ-दीड मूठ चिप्स. १८० डिग्रीवर पाऊण तास. असा केक कापला की पांढऱ्या दाणेदार कापात चिप्स जिथल्या तिथे दिसतात, काहींचं टोक सुद्धा शाबूत असतं, पण गरम असताना बोट लावलंत तर लगेच फिसकटते, म्हणजे आत वितळलेली असतेच, फक्त तिला कुणी हलवलं नाही म्हणून आकार टिकलेला. माझी धाकटी आधी नखाने चिप्स उकरून खाते आणि मग भोकं पडलेला केक माझ्या ताटात सरकवते, त्याला माझ्याकडे इलाज नाही.

सोमवारी आमच्याकडे अंडं चालत नाही, तेव्हा पाऊण वाटी दही. केक जरा भुसभुशीत होतो पण चिप्स जागेवरच राहतात.

आता दुसरा प्रश्न, कुठल्या चिप्स? पाकीट उलटं करून वाचा. हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट लिहिलं असेल तर ते कंपाउंड, त्यात कोको बटरच्या जागी वनस्पती तूप असतं. स्वस्त, उन्हाळ्यात टिकतं, पण टाळूला मेणासारखं चिकटतं. खऱ्या चॉकलेटमधलं कोको बटर साधारण ३४ डिग्रीला वितळतं, म्हणजे मे महिन्यात आपल्या स्वयंपाकघरात गॅस लावायच्या आधीच काम झालं! मी सरळ डार्क चॉकलेटची वडी घेऊन सुरीने तुकडे करते. चॉकलेट चिप कुकीची सुरुवात पण तशीच झालेली, १९३० च्या दशकात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये रूथ वेकफील्ड नावाच्या बाई आपल्या टोल हाऊस इनमध्ये वडीचेच तुकडे घालायच्या, तयार दाणे नंतर विकायला आले. त्या कुकीत ब्राउन शुगर असते, त्याऐवजी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातला काळा माडाचा गूळ किसून घाला, किंचित धुरकट वास येतो आणि कुकी मधे मऊ राहते. हे मला बाथापेक्षाही आवडतं, मुलांना नाही.

पावसाळ्यात चिप्स पांढऱ्या पडल्या म्हणून फेकणाऱ्या खूप आहेत. ती बहुतेक वेळा बुरशी नसते हो. फ्रीजमधून काढल्यावर दमट हवेत पाणी धरतं, साखर विरघळते, पाणी सुकलं की तीच वर पांढरी येते. उन्हाळ्यात मऊ होऊन परत घट्ट झाल्या तर फॅट वर येतं, ते पण पांढरंच दिसतं. वास बरा असेल तर बिनधास्त केकात घाला. आणि डबा फ्रीजमधून काढला की लगेच उघडू नका, बाहेरच्या हवेला येऊ द्या.

ओव्हन नसेल तर कुकर. शिट्टी आणि रबर काढायचं, तळाला जाड थर मिठाचा, त्यावर स्टँड, मंद आच, वेळ तासभर धरा. कुकरमध्ये वरून रंग येत नाही, केक फिक्कट दिसतो, तर बाहेर काढल्याबरोबर वर मूठभर चिप्स पसरा, पाच मिनिटांनी चमच्याच्या पाठीने फिरवा, मुलांना वाटतं आईने आयसिंग केलं.