आमची वाटचाल : परत आलेली दारं

सुरुवात झाली तेव्हा आम्ही दोघंच होतो. भाड्याची शेड, एक सँडिंग मशीन आणि दार आडवं ठेवायला दोन घोड्या. त्याआधी मी दुसऱ्यांकडे फर्निचरला पॉलिश मारायचो. जुनी पॅनलची दारं, म्हणजे उभ्या-आडव्या पट्ट्यांच्या चौकटीत फळ्या (पॅनल) बसवलेली, लोक भंगारात काढताना बघून जीव तुटायचा. रंगाच्या पाच-सहा थरांखाली इतकं उत्तम लाकूड असतं! ते घासून पुन्हा वर आणायचं, एवढंच काम करायचं ठरवलं.

पहिल्या वर्षी आम्हाला घाई फार. ८० नंबरचा खरखरीत घासकागद झाला की थेट बारीक २२० मारायचो. हाताला दार गुळगुळीत लागायचं, पण स्टेन (लाकडाला रंगछटा देणारं द्रावण) चढला की मशीनचे गोल गोल ओरखडे उमटायचे. ८० नंबरचा ओरखडा २२० ने निघत नाही, मधले १२० आणि १८० घ्यावेच लागतात. आता प्रत्येक नंबरनंतर बाजूने बॅटरीचा झोत टाकतो. समोरून दडलेला ओरखडा तिरप्या उजेडात लगेच सापडतो. घासायचा क्रमही ठरलेला आहे : आधी पॅनल, मग आडव्या पट्ट्या, शेवटी उभ्या. जोडावर लाकडाच्या रेषा वळतात, त्यामुळे आडवी पट्टी घासताना उभीवर चरे पडतातच. ती शेवटी रेषेच्या दिशेने घेतली की चरे जातात.

पण खरं काम शिकवलं ते परत आलेल्या एका दाराने. आम्ही त्याच्या पॅनलभोवतीची फट लांबी (पुट्टी) भरून बंद केली होती आणि वरून जाड पॉलिश दिलं होतं. दिसायला अगदी देखणं. काही महिन्यांनी, हवा कोरडी झाल्यावर, पॅनल वरपासून खालपर्यंत सरळ तडकलं. आमच्याकडच्या वयस्कर मिस्त्रींनी दाराकडे एकदाच पाहिलं. म्हणाले, "शेठ, पॅनल खाचेत हललं पाहिजे. तुम्ही ते जखडलंत." लाकूड दमट हवेत रुंदीला फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. म्हणून तर पॅनल खाचेत न चिकटवता सैल बसवतात. ही साधी गोष्ट मला ठाऊक असायला हवी होती. नवं पॅनल आम्ही आमच्या खर्चाने करून दिलं.

तेव्हापासून घासण्याआधी पातळ पात्याने खाचेतला जुना रंग खरवडून पॅनल मोकळं करतो. मग ते अंगठ्याने एका बाजूला सरकवायचं, उघडी पडलेली कड स्टेन करायची, नंतर दुसऱ्या बाजूला सरकवून तिकडची. हे केलं नाही तर पॅनल आकसल्यावर कडेला कच्च्या लाकडाची फिकट पट्टी दिसते.

एका गोष्टीचं मला अजून वाईट वाटतं. पहिली काही दारं आम्ही तोंडाला साधा रुमाल बांधून कोरडीच घासली. जुन्या रंगात शिसं असू शकतं, हे तेव्हा मनातही आलं नाही. आता जुना रंग रसायनाने मऊ करून खरवडतो, उरलेला ओला करून घासतो, चांगला मास्क सक्तीचा. तेलाचे बोळे पाण्याच्या डब्यात टाकतो, कारण जवसाच्या तेलाची चुरगळलेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात.

आज आम्ही सहा जण आहोत. पातळ व्हिनियरची, म्हणजे वरून लाकडाचा पापुद्रा चिकटवलेली, दारं घासायला घेत नाही, थर उडाला की परत येत नाही. आणि खालच्या कडेला सीलर (पाणी आत शिरू न देणारा लेप) दिल्याशिवाय दार शेडबाहेर जात नाही, कारण उभ्या पट्ट्या तिथूनच पाणी शोषतात आणि दार फुगून अडकायला लागतं. दार बसवून झालं की खालच्या फटीत छोटा आरसा सरकवतो आणि ती कड ग्राहकाला वाकून बघायला लावतो.