ओव्हरफ्लो दुरुस्त केला आणि उत्तर चुकलं

३२ बिटांपर्यंतची संख्या मूळ आहे का, हे सांगणारं एक फंक्शन तपासायला आलं होतं. पद्धत मिलर-राबिन: काही ठरावीक संख्यांचे, म्हणजे 'पायां'चे, घात काढायचे, त्यांना तपासायच्या संख्येने भागायचं आणि बाकीवरून ती मूळ की संयुक्त ते ठरवायचं. इथे पाये २, ३, ५, ७. अशा वेळी मी सगळ्यात आधी ३२१५०३१७५१ टाकतो. उत्तर आलं 'संयुक्त'. बरोबर! मग ४२९४९६७२९१ टाकली, तर तीही 'संयुक्त'. ३२ बिटांत बसणारी सर्वांत मोठी मूळ संख्या आहे ती.

घोळ गुणाकारात होता. घात काढताना बाकीचा वर्ग करावा लागतो, आणि तो चिन्हासहित, म्हणजे ऋण संख्याही ठेवणाऱ्या, ६४ बिटांच्या चलात ठेवला होता. त्यात ३०३७०००४९९ पर्यंतचाच वर्ग मावतो. पुढे आकडा फिरून भलताच होतो; हाच ओव्हरफ्लो. चल चिन्हरहित केलं, एका शब्दाचा बदल. ४२९४९६७२९१ मूळ ठरली आणि ३२१५०३१७५१ सुद्धा! आधीचं बरोबर उत्तर म्हणजे निव्वळ चुकीच्या गुणाकाराची पुण्याई.

३२१५०३१७५१ म्हणजे १५१ × ७५१ × २८३५१. तिच्यातून १ वजा केला की येणाऱ्या ३२१५०३१७५० ला २ ने एकदाच भाग जातो, त्यामुळे सगळी चाचणी १६०७५१५८७५ या एकाच घातावर उभी राहते: पायाच्या त्या घाताची बाकी +१ किंवा −१ (म्हणजे भाजकाहून एकने कमी) आली की संख्या मूळ ठरते. शिवाय १५०, ७५० आणि २८३५० हे तिन्ही ३२१५०३१७५० ला निःशेष भागतात, आणि भागाकार विषम येतात: २१४३३५४५, ४२८६७०९, ११३४०५. म्हणून त्या घाताला एकेका अवयवाने भागलं की प्रत्येक अवयवापुरती बाकी +१ किंवा −१ च येते. तिघांचं एकमत झालं की चाचणी फसली. पाया २ आणि ५ घेतले की तिघेही +१. ३ आणि ७ घेतले की तिघेही −१. २५ अब्जांच्या आत या चारही पायांना चकवणारी ही एकमेव संयुक्त संख्या. पोमरन्स, सेल्फ्रिज आणि वॅगस्टाफ यांनी १९८० मध्ये ते दाखवलं.

११ वर एकी फुटते: १५१ पुरती +१, बाकी दोघांपुरती −१. ११ च्या त्या घातातून १ वजा करून ३२१५०३१७५१ शी मसावि काढला, तर थेट १५१ हाती लागतो.

११ हा पाचवा पाया जोडावा, असं फंक्शन लिहिणाऱ्याचं म्हणणं होतं. मी उलट एक कमी केला: २, ७, ६१. ४७५९१२३१४१ च्या खाली हे तीनच पुरतात, आणि ३२ बिटांची मर्यादा त्याच्या बरीच आत आहे. फक्त तपासायची संख्याच २, ७ किंवा ६१ असेल तर बाकी शून्य येते आणि ती संयुक्त ठरते. त्या तीन, १ आणि उरलेल्या सम संख्या चाचणीआधीच वेगळ्या काढायच्या.